जांभईबरोबर उठणारा हात

प्रश्न : माझ्या सासऱ्यांच्या अंगावरून चार महिन्यांपूर्वी वारं गेलं. उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, पण उजवा हात कितीही प्रयत्न केला तरी उचलत नाही. मात्र मोठी जांभई आली, की तोच हात कोपरात दुमडून आपोआप छातीपर्यंत वर येतो आणि जांभई संपली की खाली पडतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही आनंदाने ओरडलो, ते मात्र घाबरले. सासूबाई म्हणतात, "हाताला काही झालेलं नाही, यांचं मनच लागत नाही." हे खरं आहे का? आणखी एक. घरी मी व्यायाम करून घ्यायला बसले की ते टाळाटाळ करतात. दवाखान्यात बाकीचे पेशंट असले की तेच व्यायाम न सांगता करतात. हा नुसता हट्टीपणा आहे की यामागे काही कारण आहे?
— एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : ताई, तुमचे प्रश्न दोन असले तरी दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातूनच निघतं, म्हणून आधी जांभईबद्दल बोलू.

तुम्ही पाहिलंत तो भास नव्हता आणि सासरे सोंगही करत नाहीत. अर्धांगवायूच्या रुग्णाचा एरवी न हलणारा हात जांभईच्या वेळी वर येतो, हे एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनीसुद्धा नोंदवून ठेवलं आहे. ऑलिव्हिए वालुसिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली अशा रुग्णांवर लेख प्रसिद्ध केला. वैद्यकात या प्रकाराला 'पॅराकायनेशिया ब्रेकियालिस ऑसिटान्स' असं लांबलचक लॅटिन नाव आहे.

आपण ठरवून हात उचलतो तेव्हा तो हुकूम मेंदूच्या सर्वांत वरच्या थरातून सुटतो. लाखो मज्जातंतूंच्या जुडग्यातून तो खाली येतो, मेंदूच्या देठाशी बाजू बदलतो आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत उतरतो. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवं अंग जातं. मेंदूच्या आत खोलवर एक अरुंद जागा आहे. चेहरा, हात आणि पाय यांच्याकडे जाणारे हे सगळे तंतू तिथे दाटीवाटीने एकत्र येतात. तिथली एखादी बारीकशी रक्तवाहिनी बंद पडली, तरी अख्खी बाजू लुळी पडू शकते.

जांभईचा हुकूम मात्र वरून येत नाही. ती आपण ठरवून देत नाही, ती येते. जबडा, मान, छाती आणि श्वास यांना एकदम ताणणारी ही क्रिया मेंदूच्या देठाजवळच्या, उत्क्रांतीत फार जुन्या असलेल्या भागांतून चालते. तिथून मज्जारज्जूकडे जाणारे मार्ग सासऱ्यांच्या बाबतीत शाबूत असावेत. एरवी वरचा थर या जुन्या मार्गांना दाबून ठेवतो. तो दाब गेल्यामुळे जांभईची लाट खांद्यापर्यंत आणि हातापर्यंत पोचते, असं या प्रकाराचं स्पष्टीकरण दिलं जातं.

अशा आणखी दोन गोष्टी घरात दिसतात का, ते पाहा. फोटोसाठी "हसा" म्हटल्यावर ज्यांचं तोंड एका बाजूला जातं, त्यांनाच नातवाच्या बोलण्यावर खरंखुरं हसू फुटलं की ओठ दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे उघडतात. दुसरी गोष्ट बोलण्याची. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही, पण उजवी बाजू गेलेल्या अनेकांची वाचाही जाते, कारण बहुतेकांची भाषा डाव्या मेंदूत असते. अशा माणसाला स्वतःचं नाव सांगता येत नाही, 'पाणी' म्हणता येत नाही. पण घरात गणपतीची आरती सुरू झाली की तो सगळ्यांबरोबर ती म्हणू लागतो. लहानपणापासून पाठ असलेली रामरक्षा, पाढे, एक ते दहा आकडे बाहेर पडतात. नातेवाईक चक्रावतात आणि कधी कधी "म्हणजे बोलता येतं, बोलायचं नाही" असा ठपका ठेवतात. तो अन्याय आहे. पाठांतर आणि गाणं ज्या वाटेने येतं, ती वाट वाक्य जुळवून बोलण्याच्या वाटेहून निराळी आहे. वाचा परत आणण्यासाठी गाण्याचा आधार घेणारी एक उपचारपद्धती 1970 च्या दशकात अमेरिकेत तयार झाली, ती याच निरीक्षणावर.

आता सासूबाईंचं म्हणणं. हाताला काही झालेलं नाही, हे त्यांचं वाक्य शब्दशः खरं आहे. हाड, सांधा, स्नायू, नस सगळं जागच्या जागी आहे. जांभईने तेच दाखवून दिलं. "मन लागत नाही" हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. मन लावून दिलेला हुकूम ज्या तंतूंतून जायचा तेच तुटले आहेत. तरीही त्यांच्या वाक्यात एक धोक्याची खूण आहे, ती सोडू नका. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तीनांतल्या साधारण एका माणसाला खरोखरचं नैराश्य येतं. झोप उडणं, जेवणावरची वासना जाणं, कुणी भेटायला आलं तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहणं असं काही दिसत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यावर उपचार आहेत. ते न घेता नुसतं "जरा मन खंबीर करा" म्हणत राहिलं तर व्यायामाचे मोलाचे महिने हातचे जातात.

जांभईला हात उठतो म्हणजे तो उद्या परवा आपल्या इच्छेने उठेल का? तसं वचन यातून मिळत नाही आणि खोटी आशा मी देणार नाही. हात किती परत येईल याचा अंदाज बांधताना डॉक्टर वेगळ्या गोष्टी पाहतात. ठरवून खांदा थोडा तरी बाजूला उचलता येतो का? ठरवून बोटं किंचित तरी उघडता येतात का? विशेषतः बोटं उघडणं. मिटणं सहसा आधी येतं, उघडणं मागाहून येतं आणि काहींचं येतच नाही. म्हणून दिवसभर स्पंजचा चेंडू दाबत बसण्याने हवं ते साधेलच असं नाही. टेबलावर हात ठेवून स्टीलचा रिकामा पेला सोडायचा सराव करा, पेला धरण्याइतकाच तो सोडणंही महत्त्वाचं आहे.

मेलेले तंतू पुन्हा उगवत नाहीत, तरी माणसं चालू लागतात. हे कसं होतं, यावर पेद्रो बाख-ई-रीता यांची हकीकत फार बोलकी आहे. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवणारे हे गृहस्थ मूळचे कॅटलान. 1950 च्या दशकाच्या अखेरीस, पासष्टीच्या सुमारास त्यांना जबर झटका आला. चालणं गेलं, बोलणं गेलं. धाकटा मुलगा जॉर्ज मेक्सिकोत वैद्यकीचं शिक्षण घेत होता. त्याने वडिलांना तिथे नेलं आणि चालायला न शिकवता आधी रांगायला लावलं, खांदा भिंतीला टेकवून. अंगणात गोट्या टाकून त्या कमजोर हाताने वेचायला लावल्या, भांडी घासायला दिली. शेजाऱ्यांना म्हाताऱ्या प्राध्यापकाचे हे हाल पाहवत नसत. पेद्रो पुढे पुन्हा शिकवू लागले आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी कोलंबियात डोंगर चढताना हृदयविकाराने वारले. शवविच्छेदनात दिसलं, की मेंदूची इजा जशीच्या तशी होती, मेंदूतून खाली येणारे बहुतेक तंतू नष्टच झाले होते. उरलेल्या मेंदूने काम अंगावर घेतलं होतं. थोरला मुलगा पॉल संशोधक होता. ते निष्कर्ष पाहून तो पुनर्वसन-वैद्यकाकडे वळला आणि मेंदूची ही क्षमता जगापुढे मांडणाऱ्यांत त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं.

उरलेला मेंदू काम अंगावर घेतो, पण त्याला काम पडलं तरच. आणि इथेच घरातलं प्रेम आडवं येतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांवरच्या प्रयोगांत पाहिलं होतं, की एका हाताची संवेदना गेली की माकड तो हात वापरणंच सोडतं. पुढे तो वापरता येण्याजोगा झाला तरी वापरत नाही. न वापरायची सवयच जडलेली असते. (ते प्रयोग प्राण्यांना दिलेल्या वागणुकीमुळे पुढे फार गाजले आणि कोर्टातही गेले.) यावरून टॉब यांनी रुग्णांसाठी पद्धत काढली. चांगल्या हातात जागेपणीचा बहुतेक वेळ जाड मोजा घालायचा आणि दोन आठवडे सगळी कामं कमजोर हाताने करायला लावायची. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या 222 रुग्णांच्या चाचणीत या पद्धतीचा फायदा स्पष्ट दिसला आणि वर्षभरानंतरही टिकला. मात्र हे रुग्ण मनगट आणि बोटं थोडी तरी उघडू शकणारे होते. सासऱ्यांची बोटं अजून उघडत नसतील तर घरच्या घरी चांगला हात बांधून ठेवू नका.

आपल्याकडे काय होतं? शर्टाची बटणं सून लावते, घास बायको भरवते, पाण्याचा पेला नातू तोंडाशी धरतो. प्रत्येकाची भावना चांगली, पण दिवसभरात त्या हाताला हलण्याचं एकही कारण उरत नाही. अमेरिका आणि कॅनडामधल्या काही केंद्रांत थेरपीच्या बैठका मोजून पाहिल्या, तेव्हा हाताच्या उपयोगी हालचाली एका बैठकीत सरासरी अवघ्या 32 वेळा झाल्याचं आढळलं, आणि तो अहवाल 2009 साली आला. प्राण्यांच्या मेंदूत फरक दिसायला शेकडो वेळा तीच हालचाल करून घ्यावी लागते. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या अर्ध्या तासात हे बसणार कुठे? म्हणून तो सराव दिवसाच्या कामांत मुरला पाहिजे. कणकेचा गोळा डाव्या हाताने उजवा हात धरून परातीत दाबायचा, टेबलावरचं फडकं पुढे मागे सरकवायचं, खुर्चीतून उठताना दोन्ही पावलांवर सारखा भार द्यायचा. उठताना पाय मागे घ्यायचे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं आणि मगच उठायचं. काखेत हात घालून ओढून उठवायचं नाही.

ओढण्याचा विषय निघालाच आहे तर थोडं रागावूनच सांगते. लुळ्या हाताला धरून माणसाला ओढू नका. अशा खांद्याचे स्नायू सांध्याला धरून ठेवू शकत नाहीत, सांधा खाली घसरतो आणि मग जे दुखणं सुरू होतं ते महिनोन् महिने व्यायाम बंद पाडतं. दाराला कप्पी आणि दोरी बांधून चांगल्या हाताने लुळा हात वर खेचायचा प्रकार बऱ्याच घरांत चालतो. तोही थांबवा. त्याने खांदा दुखावतो, आणि उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांतही तो टाळायला सांगितलं आहे. बसताना हाताखाली उशी द्या. चालताना सोबत करणाऱ्याने कमजोर बाजूला राहायचं, काठी चांगल्या हातात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कमजोर पाय. कबुतराचं रक्त चोळायचा सल्ला देणारे अजून भेटतात. त्यांना नम्रपणे वाटेला लावा.

आता दुसरा प्रश्न. दवाखान्यात न सांगता करतात, घरी करत नाहीत. याला हट्टीपणा म्हणू नका. घरात ते एकटेच आजारी आहेत. कालपर्यंत ज्यांच्या शब्दावर घर चालत होतं, ते आज सुनेच्या हुकमाने हात हलवताहेत. पेला पडला की सगळे धावतात, आणि ते धावणंच त्यांना लागतं. दवाखान्यातल्या सरावाच्या खोलीत मात्र टेबलाभोवती बसलेल्या चौघांचाही पेला पडतो. तुम्ही त्या खोलीत कधी बाजूला उभं राहून पाहा. शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा डाव्या हाताने उजवं मनगट धरून वाटी पुढे सरकवतात, समोरच्या बाई ती घेतात, बोटांतून सुटते, त्या पुन्हा धरतात. कुणी कौतुक करत नाही, हसतही नाही. तिसऱ्या खेपेला आजोबा एवढंच म्हणतात, "आज अंगठा लागला तुमचा." पूर्ण खोलीत हे फक्त त्यांनाच दिसलेलं असतं, कारण ते स्वतः अंगठ्याचीच वाट पाहत असतात. घरच्यांचं "छान छान" त्याच्यापुढे फिकं पडतं.

हे नुसतं वाटणं नाही, मोजूनही पाहिलं आहे. गटाने, एकेका ठिकाणी थांबून वेगवेगळे व्यायाम करत पुढे सरकायच्या पद्धतीवरच्या 17 चाचण्यांचा आढावा 2017 साली निघाला. गटात सराव करणारे सहा मिनिटांत इतरांपेक्षा सुमारे 60 मीटर जास्त चालले. आणि कौतुकाच्या शब्दांचं काय? अमेरिकेतले डॉ. ब्रूस डॉबकिन यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या, अनेक देशांतल्या 179 रुग्णांच्या चाचणीत एकच साधी गोष्ट बदलली होती. रोज एकदा दहा मीटर चालायला लावायचं आणि निम्म्या रुग्णांना त्यांचा वेग सांगून प्रगतीचं कौतुक करायचं, बाकीच्यांना वेग सांगायचाच नाही. घरी जायच्या वेळी पहिल्या गटाचा वेग सेकंदाला 0.91 मीटर होता, दुसऱ्याचा 0.72. म्हणजे तेच दहा मीटर 14 सेकंदांऐवजी 11 सेकंदांत. ना गोळी, ना यंत्र. हे तुम्ही आजच करू शकता. व्हरांड्यात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने दोन रेघा ओढा, मोबाइलवर वेळ लावा, कमजोर बाजूला चाला आणि आकडा कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहा. लिहायचं काम सासऱ्यांना द्या, डाव्या हाताने का होईना. "खूप छान" यापेक्षा "कालच्यापेक्षा दोन सेकंद कमी लागले" हे वाक्य त्यांना पटेल, कारण ते खरं असेल.

एकाच माणसावर सगळं टाकू नका, हेही सांगायला हवं. 2017 साली भारतातल्या 14 रुग्णालयांतल्या 1250 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात घरच्या एका माणसाला प्रशिक्षण देऊन त्याच्याकडून घरी पुनर्वसन करून घेतलं होतं. सहा महिन्यांनी पाहिलं तर नेहमीच्या उपचारांपेक्षा काहीच फरक पडला नव्हता. याचा अर्थ घरच्यांनी हात आवरता घ्यावा असा नाही. पण सून एकटीने थेरपिस्ट, परिचारिका आणि स्वयंपाकीण होऊन हे जमवेल, ही अपेक्षा चुकीची आहे. तुमच्या पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक शब्दही लिहिला नाहीत, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

एकाच माणसावर ओझं न टाकता काय करता येतं, याचं उदाहरण इंग्लंडातलं आहे. ऑस्कर मिळालेली अमेरिकन अभिनेत्री पॅट्रिशिया नील हिच्या मेंदूत फेब्रुवारी 1965 मध्ये रक्तस्राव झाला. तेव्हा ती 39 वर्षांची होती आणि गरोदर होती. सुमारे तीन आठवडे बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तेव्हा उजवी बाजू गेलेली, शब्द गेलेले. तिचे पती, लेखक रोआल्ड डाल यांनी ग्रेट मिसेंडन या गावातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पाळ्या लावल्या. एकजण येऊन वाचून घेई, दुसरी पत्ते खेळे, तिसरी कोडी घाली, दररोज कितीतरी तास. डाल यांची शिस्त फार कडक होती आणि नीलला ती जाचत असे. तितकी सक्ती कुणावर करावी असं मला वाटत नाही. पण तीन वर्षांत तिने 'द सब्जेक्ट वॉज रोझेस' या चित्रपटात काम केलं आणि तिला पुन्हा ऑस्करचं नामांकन मिळालं. त्या शेजाऱ्यांत व्हॅलरी ईटन ग्रिफिथ नावाच्या बाई होत्या. त्या ना डॉक्टर, ना थेरपिस्ट. त्यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिलं, आणि त्यातूनच पुढे ब्रिटनमध्ये झटका आलेल्यांच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोलणाऱ्या, खेळणाऱ्या स्वयंसेवकांची योजना उभी राहिली.

"सहा महिने झाले की जे आलं तेवढंच" हे वाक्य तुमच्या कानावर लवकरच पडेल. पहिले तीन ते सहा महिने सर्वांत जास्त सुधारणेचे असतात, हे खरं. तिथे दार बंद होतं, हे खरं नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या केंद्रात तीन आठवड्यांत 90 तास हाताचा सराव करून घेतात. तिथल्या अनेक रुग्णांना झटका येऊन वर्ष, दीड वर्ष उलटलेलं होतं, तरी त्यांचे हात सुधारले. घाईचे मात्र तोटेच होतात. झटक्यानंतरच्या पहिल्याच 24 तासांत रुग्णाला पुन्हा पुन्हा उठवून चालवण्याचा प्रयोग 2,104 रुग्णांवर झाला, त्याचे निष्कर्ष 2015 साली आले, आणि असं चालवलेल्या रुग्णांची प्रगती उलट कमी झाली. शेजारीपाजारी कुणाला नवीन झटका आला तर लगेच उभं करायची गडबड नको. घाई रुग्णालयात पोचवण्याची करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि 108 ची रुग्णवाहिका फुकट आहे. सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी एकही दिवस चुकू देऊ नका, कारण झटका एकदा आलेल्या माणसाला दुसऱ्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

राहिली सोबत. तुमच्या फिजिओथेरपिस्टना विचारा, की दोन-तीन पेशंटना आठवड्यातून निदान दोनदा एकच वेळ देता येईल का. बरेचजण आनंदाने देतात, कुणी विचारत नाही इतकंच. गावात अंगावरून वारं गेलेली आणखी दोन घरं तुम्हाला नक्की माहीत असतील. त्यांना रविवारी सकाळी चहाला बोलवा आणि टेबलावर वाट्या मांडा. आणि हे सदर वाचणाऱ्यांपैकी जे स्वतः या दुखण्यातून उठून हिंडूफिरू लागले आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आठवड्यातली एक सकाळ आपल्या गावच्या फिजिओथेरपीच्या खोलीत जाऊन बसा. नव्याने आलेल्या माणसाला तुमच्याइतकं खरं तिथे दुसरं कुणी सांगू शकणार नाही.